पावसाळ्यात होडी ठेवायच्या प्लॅटफॉर्मचे लोखंडी बीम कसे ठरवायचे

१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, म्हणजे मे संपता संपता होड्या वर काढायची गडबड सुरू होते. पूर्वी ओंडक्यांवरून ओढून वाळूत घ्यायची, दोन बाजूंनी टेकू लावायचे आणि झापांनी शाकारून ठेवायची. फायबरच्या होडीला ते तितकंसं सोसत नाही, बूड एकाच दगडावर टेकलं तर तिथे चीर जाते आणि खालून रंगकाम, दुरुस्ती करायला माणसाला शिरताही येत नाही. म्हणून आता बरेच जण खाडीच्या कडेला कमरेएवढ्या उंचीचा लोखंडी प्लॅटफॉर्म करून घेतायत. मी रत्नागिरीतल्या जयगड खाडीच्या बाजूला असे काही करून दिलेत आणि दुसऱ्यांनी केलेले काही दुरुस्तही केलेत, त्यावरून बीम कसा निवडायचा ते सगळ्या आकड्यांसकट लिहितोय. साधारण २८ फुटी, साडेआठ मीटरची, आउटबोर्ड इंजिनाची फायबर होडी धरलीय. २०-३० टनाचा ट्रॉलर असेल तर हे आकडे त्याला लावू नका, तिथे स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून सही असलेलं ड्रॉइंगच घ्या.

आधी मांडणी. लांबीच्या दिशेने अडीच अडीच मीटरवर तीन फ्रेम, प्रत्येक फ्रेमला दोन खांब, खांबांमधलं अंतर अडीच मीटर आणि खांबांवर एक आडवा बीम. होडीचा कणा त्या तीन आडव्या बीमांच्या बरोबर मधोमध लाकडी ठोकळ्यांवर बसतो, बाजूचे टेकू फक्त ती कलू नये म्हणून. खांब एकमेकांना लांबीच्या दिशेने दोन बीमांनी बांधायचे, त्यांच्यावर चालायच्या फळ्या येतात. मागचा आडवा बीम होडीच्या मागच्या टोकापासून पाऊण-एक मीटरच्या आत घ्या कारण इंजिन तिथेच लटकतं, पुढे नाळेकडे अडीच-पावणेतीन मीटर अधांतरी राहिली तरी चालतं, तिकडे होडी निमुळती आणि हलकी असते.

आता वजन, आणि सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. मालकाला विचारलं की तो म्हणतो होडी तेराशे किलो. ठीक आहे, त्यात इंजिन, टाकी, जाळी, नांगर, दोर असं सगळं मिळून ५०० किलो धरा, झाले १,८००. वर काम करायला पाच माणसं चढणार, ४०० किलो. बहुतेक जण इथे थांबतात आणि बावीसशे किलोवर बीम काढतात. पण होडी तिथे ठेवलीय पावसाळ्यासाठी! वरून उघडी होडी म्हणजे एक मोठं घमेलंच आहे. साडेआठ मीटरच्या होडीचं उघडं तोंड साधारण १० चौरस मीटर भरतं, कोकणात जुलैत एका दिवसात २०० मिमी पाऊस पडणं काही नवल नाही, म्हणजे एका दिवसात २,००० लिटर पाणी, २ टन. बुडाचं बूच काढून ठेवलेलं असतं हे खरं, पण त्या भोकात पानं, जाळ्याचे तुकडे, झापाचा चुरा जाऊन बसतो आणि कोणाच्या लक्षातही येत नाही, वरची ताडपत्री वाऱ्याने फाटली की संपलं. एका ठिकाणी मी स्वतः बघितलंय, होडीत गुडघाभर पाणी आणि मधला बीम एका बाजूला कलून वळलेला, होडीवर काडीचंही जादा सामान नव्हतं. त्यामुळे पाण्याचे २ टन धरायचेच, बूच काढून ठेवलेलं असलं तरी, पत्र्याची शेड असली तरी.

एकूण झाले ४,२०० किलो, म्हणजे धरून चाला ४२ किलोन्यूटन. एक टन म्हणजे साधारण १० किलोन्यूटन, एवढं लक्षात ठेवलं की पुढचं सोपं.

आता हे ४२ तीन बीमांवर १४-१४ असं वाटून टाकायचा मोह होतो, तो टाळा. होडी कडक असते, बीम कधीच तंतोतंत एका लेव्हलला नसतात, एक खांब जरा खचला की त्या बीमवरचा भार शेजारच्यांवर जातो, शिवाय इंजिनामुळे मागची बाजू जड आणि आत साठलेलं पाणीही उताराला म्हणजे बहुतेक मागेच जमतं. मी एका बीमवर ६० टक्के धरतो, म्हणजे २५ किलोन्यूटन, आणि तिन्ही बीम त्याच मापाचे करतो. अजून एक बाजू तपासायची असते, क्रेनने किंवा चेनपुलीने होडी खाली टेकवताना ती पहिल्यांदा एकाच बीमवर टेकते आणि थोडा धक्का बसतो, तेव्हा १,८०० किलोला सव्वापट करा, साडेबावीस किलोन्यूटन येतात. पण त्या वेळी होडीत पाणी नसतं, म्हणून हे दोन आकडे एकमेकांत मिळवायचे नाहीत, त्यातला मोठा घ्यायचा. मोठा २५ चा आहे, तो घेतला.

दोन्ही टोकांना टेकलेल्या बीमवर मधोमध एकच भार असेल तर वाकवणारा मोमेंट म्हणजे भार गुणिले लांबी भागिले ४. इथे २५ × २.५ ÷ ४ = १५.६, बीमचं स्वतःचं वजन आणि फळ्या मिळून १६ किलोन्यूटन-मीटर धरू. हेच ओझं पूर्ण लांबीवर सारखं पसरलं असतं तर भागिले ८ आलं असतं, निम्मं. होडी मात्र कण्यावर बसते, पसरून बसत नाही, त्यामुळे ४ नेच भागायचं. हा फरक न कळल्यामुळे निम्म्या ताकदीचे बीम टाकलेले मी पाहिलेत.

साधं २५० ग्रेडचं स्ट्रक्चरल स्टील धरलं, आयएस म्हणजे भारतीय मानक २०६२ मधलं, तर वाकण्यासाठी जुन्या पद्धतीने १६५ न्यूटन प्रति चौरस मिमी ताण चालतो. १६ किलोन्यूटन-मीटर भागिले १६५ केलं की ९७ घन सेंटीमीटर सेक्शन मॉड्युलस लागतो, म्हणजे बीमच्या आकारामुळे त्याला मिळणारी वाकण्याविरुद्धची ताकद. आयएस ८०८ चा बीमांच्या मापांचा तक्ता उघडा, १५० मिमी उंचीचा आयबीम, आयएसएमबी १५०, त्याचा मॉड्युलस ९६ च्या आसपास. नवीन लिमिट स्टेट पद्धतीने केलं तरी १६ ला दीडपट म्हणजे २४ मोमेंट आणि १५० च्या बीमची पूर्ण ताकद २५. म्हणजे अगदी काठावर पास. वाकही बघा, २५ किलोन्यूटनला १५० चा बीम मधे साडेपाच मिमीच्या आसपास खाली जातो, लांबी भागिले ३०० धरलं तर आठ मिमीपर्यंत परवानगी आहे, तिथेही पास. आणि फॅब्रिकेटर म्हणतो, झालं की, दीडशेचा टाकूया.

तर तो टाकायचा नाही. दोन कारणं आहेत.

पहिलं कारण, ती २५ ची ताकद तेव्हाच मिळते जेव्हा बीमची वरची फ्लँज, म्हणजे I आकाराची वरची आडवी पट्टी, बाजूला हलू शकत नाही, म्हणजे वर स्लॅब किंवा नीट वेल्ड केलेली चेकर्ड प्लेट असते. आपल्या प्लॅटफॉर्मला मधे काहीच नसतं, फळ्या फक्त कडेने, कण्याखाली मोकळं, कारण खालून काम करायचंय. अशा मोकळ्या बीमवर वरून ओझं आलं की वाकायच्या आधी तो आडवा पळतो आणि पीळ खाऊन कलंडतो, त्यालाच लॅटरल टॉर्शनल बकलिंग म्हणतात. ओझं वरच्या फ्लँजवर बसलंय म्हणून धोका अजून वाढतो आणि लोखंडी बांधकामाच्या आयएस ८००:२००७ प्रमाणे हिशेबाची लांबी २० टक्के वाढवून घ्यावी लागते, म्हणजे अडीचऐवजी ३ मीटर. हे सगळं घालून हिशेब केला की १५० च्या बीमची ताकद २५ वरून १२ वर येते. लागतात २४. म्हणजे काठावर पास झालेला बीम प्रत्यक्षात निम्म्याने नापास आहे! तोच हिशेब २०० च्या बीमला केला तर ३४ मिळतात आणि आपण सुखाने झोपू शकतो. वर सांगितलेला तो वळलेला बीम दीडशेचाच होता, आणि मधे कुठेही आडवी पट्टी नव्हती.

दुसरं कारण गंज. खाऱ्या वाऱ्यात उघडं लोखंड दोन्ही बाजूंनी खाल्लं जातं. १५० च्या बीमची फ्लँज साडेसात मिमी, दोन्हीकडून एक एक मिमी गेली की साडेपाच उरली, पाव हिश्शाहून जास्त ताकद गेली आणि मुळात हातात काही शिल्लकच नव्हतं. २०० च्या बीमचा मॉड्युलस २१२ ते २२३ असतो, जुन्या आणि नव्या तक्त्यात थोडा फरक दिसेल, त्यात तेवढाच गंज धरला तरी १७० च्या आसपास उरतो आणि लागतात ९७. १७५ चा बीमही तक्त्यात आहे पण आमच्या बाजूच्या दुकानांत तो क्वचित दिसतो, त्याच्या मागे लागू नका. २०० घ्या. वजनात मीटरला २५ किलो विरुद्ध १५ किलो, तीन बीमांचे मिळून साडेसात मीटर, म्हणजे फरक फक्त ७५ किलो लोखंडाचा. होडीच्या किमतीपुढे त्या ७५ किलोंचा विचार करूच नये असं माझं स्पष्ट मत आहे.

माल घेताना काट्यावर वजन करून घ्या, हे मी प्रत्येकाला सांगतो. मला एकदा एका दुकानातून २०० चा म्हणून बीम आला, उंची बरोबर २०० भरली, पण वजन मीटरला २१ किलोसुद्धा भरलं नाही, फ्लँज पातळ. टेपने उंची मोजून हे कळत नाही, व्हर्नियरने फ्लँजची आणि मधल्या पत्र्याची जाडी मोजा, आणि ६ मीटरचा तुकडा १४५ ते १५२ किलोच्या आसपास भरायला हवा. कमी भरला तर परत पाठवा, वाद घालत बसू नका.

लांबीच्या दिशेचे दोन बीम १५० चे चालतात, त्यांच्यावर माणसं आणि फळ्या एवढंच येतं. खांबही १५० चेच. बरेच जण खांबाला पाईप किंवा दोन चॅनल जोडून केलेली पेटी वापरतात, दिसायला छान दिसते. मला ती खाडीकाठी अजिबात पसंत नाही, कुठल्यातरी बारीक भोकातून आत दमट हवा जाते आणि आतून गंजत राहतं, बाहेरून रंग चकचकीत आणि आत पापुद्रे. उघडा सेक्शन असला की निदान डोळ्यांना दिसतं, ब्रश पोचतो. तसंच चॅनल कधी उताणा ठेवू नका, पन्हळ होते आणि पाणी साठतं, पालथा ठेवा. दोन चॅनल पाठीला पाठ लावून मधे फट ठेवणं हेही इथे नको, त्या फटीत रंग पोचत नाही.

आडव्या बीमला मधोमध, म्हणजे ठोकळा जिथे बसतो तिथे, आणि दोन्ही टोकांना खांबावर, मधल्या पत्र्याच्या दोन्ही बाजूंनी ८ मिमीच्या स्टिफनर पट्ट्या वेल्ड करा. एवढ्या भाराने पत्रा चेपणार नाही, हिशेबात पासच आहे, पण ठोकळा जरा एका बाजूला बसला की फ्लँज वाकायला बघते आणि त्या पट्ट्या तिला धरून ठेवतात. पट्टीचा आतला कोपरा १५-२० मिमी कापून टाका म्हणजे पाणी अडणार नाही आणि गॅल्व्हनायझिंग, म्हणजे वितळलेल्या जस्तात बुडवून मुलामा, करताना जस्तही नीट वाहतं. बीमाचं टोक खांबाच्या वरच्या प्लेटवर बसवून १६ मिमीचे चार ८.८ ग्रेडचे गॅल्व्हनाइज्ड बोल्ट, ताकदीला दोनच पुरे झाले असते पण टोकाला पीळ बसू नये म्हणून चार. वेल्डिंगला ६ मिमीची फिलेट आणि ७०१८ चा सुका रॉड. टाके घालत घालत मधे सोडलेलं वेल्डिंग इथे चालत नाही, ताकदीसाठी नव्हे, त्या सोडलेल्या फटीत खारं पाणी शिरतं म्हणून. सगळीकडून बंद करा.

वाऱ्याचा हिशेब उलटा असतो. बीमसाठी पाण्याने भरलेली होडी वाईट, वाऱ्यासाठी रिकामी होडी वाईट. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आलं आणि पुढच्या वर्षी मे मध्ये तौक्ते कोकण किनाऱ्याजवळून गेलं, दोन्ही वेळा होड्या वर काढायच्या किंवा नुकत्याच काढलेल्या अशाच दिवसांत. मुंबईला वाऱ्याच्या भाराच्या भारतीय मानकात वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर दिलाय, गोव्याला ३९, मधल्या किनाऱ्याला मी ४४ च धरतो. दाब म्हणजे ०.६ गुणिले वेगाचा वर्ग, येतो चौरस मीटरला ११६ किलोच्या आसपास. होडीची बाजू १० चौरस मीटर, आकाराचा गुणक १.२, म्हणजे १४ किलोन्यूटनचा आडवा रेटा. तो बीमच्या वर साधारण ६० सेंमीवर लागतो, उलटवणारा मोमेंट ८.४. इंजिन, जाळी काढून ठेवलेली १,३०० किलोची होडी बाजूच्या टेकूपर्यंत ७० सेंमी धरली तर तिला धरून ठेवणारा मोमेंट ९.१. एवढ्याशा फरकावर होडी सोडून घरी जायचं का? नाही. तिन्ही बीमांना खालून १२ मिमीचे लोखंडी कडे आधीच वेल्ड करून ठेवा आणि रुंद पट्ट्याने, रॅचेटने होडी बांधा. कडं बीमच्या टोकाजवळ हवं, मधे नको.

हाच रेटा खांबांना आडवा पाडायला बघतो, म्हणून प्रत्येक फ्रेमला आणि लांबीच्या दिशेलाही निदान एका गाळ्यात ५० × ५० × ६ चे अँगल फुलीसारखे. खालून माणूस जायचाय म्हणून फुली गाळायची असेल तर खांब आणि बीमच्या कोपऱ्यात अर्धा मीटरचे तिरके कोनटेकू लावा, पण काहीतरी हवंच.

पायासाठी प्रत्येक खांबाखाली ७५ × ७५ सेंमी आणि ६० सेंमी खोल काँक्रीट, त्याचं स्वतःचं वजनच ८०० किलो होतं आणि वाऱ्याने खांब वर उचलला जाऊ नये यासाठी ते कामाला येतं. खाली जांभा लागला तर उत्तम. खाडीचा चिखल किंवा भराव असेल तर घट्ट थर लागेपर्यंत खाली जायलाच लागतं, नाहीतर एक खांब खचतो आणि तुमचं ६० टक्क्यांचं गणितही कोलमडतं. बेसप्लेट जमिनीच्या वर निदान ३० सेंमी, उधाणाचं पाणी पोचणार नाही अशा उंचीवर, आणि तिच्याखाली ग्राउट, म्हणजे सिमेंटचा पातळ गारा, भरून कडेला बाहेरच्या बाजूला उतार द्या. आणि हो, भरतीरेषेच्या जवळ असं पक्कं काही बांधायचं तर सीआरझेड म्हणजे किनारी नियमन क्षेत्राच्या परवानगीचा प्रश्न येतो, काँक्रीट ओतायच्या आधी ग्रामपंचायतीत आणि मेरीटाइम बोर्डाच्या बंदर ऑफिसात विचारून घ्या.

गंजापासून बचाव म्हणजे नुसता रेड ऑक्साईड आणि वर ऑइलपेंट हे दोन पावसाळे टिकलं तर नशीब. जमलं तर सगळे तुकडे वर्कशॉपमध्ये कापून, भोकं पाडून, वेल्ड करून मग हॉट डिप गॅल्व्हनायझिंगला पाठवा आणि साइटवर फक्त बोल्टने जोडा. आयएस ४७५९ प्रमाणे ५ मिमी आणि त्याहून जाड लोखंडावर चौरस मीटरला ६१० ग्रॅम जस्त बसायला हवं, म्हणजे ८५ मायक्रॉनच्या आसपास थर, हे ऑर्डरमध्ये लिहून द्या आणि जाडी मोजून घ्या. साइटवर नंतर एक जरी वेल्डिंग केलं तरी तिथलं जस्त जळतं, मग गंज तिथूनच सुरू, त्यामुळे मापं आधीच पक्की करा. ते जमणार नसेल तर सँडब्लास्टिंग करून झिंकवाला इपॉक्सी प्रायमर, मधे इपॉक्सी, वर पॉलियुरेथेन, मिळून अडीचशे मायक्रॉनच्या वर.

उभारणी करताना ओळंबा आणि लेव्हलच्या पाण्याच्या नळीने तिन्ही बीम एका पातळीत आणा. मात्र होडीचा कणा सरळ असतोच असं नाही, बहुतेक वेळा पुढे वर चढतो, म्हणून होडी पाण्यात किंवा वाळूत असतानाच कण्याखाली दोरी ताणून तीन जागची मापं घ्या आणि ठोकळ्यांची उंची त्याप्रमाणे ठेवा. ठोकळे ऐन किंवा बाभळीचे, १५० × १५० मिमी, कण्याच्या दिशेने ६० सेंमी लांब, वर जुन्या कन्व्हेयर बेल्टचा तुकडा. ६० सेंमी लांबी फायबरसाठी आहे, लहान ठोकळ्यावर बूड दबतं.

होडी चढवायच्या आधी एकदा चाचणी घ्या, खर्च काही नाही. २०० लिटरचे सहा ड्रम मधल्या बीमच्या मधोमध जाड फळ्यांवर शक्य तितके जवळ जवळ ठेवा आणि पाण्याने भरा, सव्वा टन होतात. आधी दोन्ही टोकांना दोरी ताणून मधे पट्टीने माप घेतलेलं असू द्या. २०० चा बीम एक मिमीच्या आतच खाली जायला हवा. दोन-तीन मिमी दिसले तर बीमचा दोष नसतो, बोल्ट सैल असतात किंवा एखादा खांब बसतोय, शोधून काढा. ड्रम रिकामे केल्यावर माप परत मूळ जागी यायला हवं. मग तेच मागच्या आणि पुढच्या बीमवर करा.

कडेला चालायला म्हणून बीमचं टोक अर्धा-पाऊण मीटर बाहेर काढत असाल तर तिथे फक्त माणसं उभी राहतील, होडी उचलायचा जॅक तिथे लावायचा नाही, आणि हे रंगाने बीमवर लिहूनच ठेवा, कारण काम करणारा दरवर्षी वेगळा असतो. जॅक लावायचा तर आडव्या बीमवर, स्टिफनरच्या वरच.

नारळी पौर्णिमेनंतर होडी पाण्यात गेली की प्लॅटफॉर्म मोकळा असतो, तेव्हा सगळं लोखंड गोड्या पाण्याने धुवा, ठोकळे उचलून त्यांच्याखालची फ्लँज बघा, बेसप्लेटच्या कडा आणि बोल्टच्या वॉशरखाली बघा. गंज आधी तिथेच धरतो आणि होडी वर असताना तिथे नजर जात नाही.